धक्क्यावरचे जहाज आणि त्याचे दोर

मुंबईच्या इंदिरा गोदीत किंवा न्हावाशेव्याच्या धक्क्यावर उभे असलेले मालवाहू जहाज दुरून पाहणाऱ्यास एखाद्या इमारतीसारखे भासते. क्रेन हलत असतात, ट्रक ये-जा करीत असतात, माणसांची लगबग चालू असते. जहाज तेवढे निश्चल. त्याच्या अंगावरून धक्क्याकडे उतरलेले दहा-बारा दोर पाहणाऱ्याच्या नजरेत क्वचितच भरतात. वस्तुतः ते जहाज स्थिर नसते, तर स्थिर ठेवलेले असते. वारा त्यास ढकलीत असतो, पाण्याचा प्रवाह ओढीत असतो, भरती उचलीत असते आणि उतरणारा माल त्याचे वजन घटकेघटकेला बदलीत असतो. या सर्वांना पुरून उरण्याचे काम ते दोर व त्यांच्यावर लक्ष ठेवणारी चार-सहा माणसे करीत असतात.

हा विषय बंदरापुरताच आहे असे मानण्याचे कारण नाही. गावच्या सोसायटीच्या गोदामात येणारे पोटॅश खत जवळजवळ सर्वच परदेशातून, म्हणजे जहाजाने येते. पामतेलाचे तेच. शिवाय रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील कित्येक घरांतून पिढ्यान् पिढ्या खलाशी म्हणून बोटीवर गेलेली माणसे आहेत. आगबोटींच्या काळात डेकवरच्या कामगारांचा मुकादम, म्हणजे सारंग, व त्याच्या हाताखालचा टिंडल हे बहुधा कोकणातले असत. दोर ताणताना ‘हाबेस’ आणि सैल सोडताना ‘आर्या’ हे त्यांच्या बोलीतले हुकूम आजही मुंबईच्या गोदीत, इतकेच नव्हे तर बांधकामावरच्या क्रेनपाशीसुद्धा कानी पडतात. जहाज बांधण्याच्या कामात ज्यांचे हातपाय व प्राण पणाला लागतात, ती ही माणसे होत.

वाऱ्याचा हिशेब

समुद्रात जहाज चालू असताना वारा त्यास फारसा अडवीत नाही. कप्तान थोडी दिशा बदलतो व पुढे जातो. धक्क्याला लागल्यावर मात्र जहाजाची एक कूस वाऱ्यासमोर भिंतीसारखी उभी राहते. २०० मीटर लांबीचे व पाण्यावर सरासरी १५ मीटर उंच दिसणारे जहाज घेतले, तर त्या भिंतीचे क्षेत्रफळ ३,००० चौरस मीटर भरते. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा तिच्यावर सरळ आदळला, तर सुमारे १८ टनांचा रेटा बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाला, तर रेटा दुप्पट होऊन भागत नाही, तो चौपट होतो. म्हणजे ७० टनांच्याही वर जातो. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात जोर वाढतो हा नियम शाळेच्या पुस्तकात असतो. बंदरात त्याची प्रचीती येते ती अशी.

आजची कंटेनर वाहणारी जहाजे याहून कितीतरी मोठी असतात. डेकवर सहा-सात थर रचलेल्या पेट्या धरून ३५० मीटर लांब व ३५ मीटर उंच अशी कूस वाऱ्यापुढे आली, तर त्याच ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे ३०० टनांचा रेटा बसतो. मुंबईच्या पावसाळ्यात एवढ्या वेगाचे झोत येणे ही काही अपूर्वाईची गोष्ट नव्हे.

पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. पाणी हवेच्या आठशे पटींहून अधिक घन. त्यामुळे संथ दिसणारा प्रवाहही जहाजावर मोठा भार टाकतो. आणि जहाजाच्या तळाखाली पाणी थोडेच उरले असेल, तर प्रवाहास खालून वाट मिळत नाही व तो भार कित्येक पटींनी वाढतो. जवळून दुसरे मोठे जहाज वेगात गेले, तर त्याच्या मागोमाग सरकणारे पाणी बांधलेल्या जहाजास आधी एका बाजूस व मग दुसऱ्या बाजूस खेचते. बंदरातून जाताना वेग कमी ठेवावा, असा दंडक असतो तो याचसाठी.

भरती-ओहोटी आणि गोदीचे दार

मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत सरासरी साडेतीन मीटरांहून अधिक अंतर पडते. भांगाच्या दिवसांत ते दीड मीटरच्या आसपास असते. खंभातच्या आखातात भावनगरकडे हेच अंतर दहा मीटरच्या घरात जाते. साडेतीन मीटर म्हणजे एका मजल्याहून अधिक. सहा तासांत जहाज एक मजला वर चढते आणि पुढच्या सहा तासांत तितकेच खाली येते. त्याचे दोर मात्र एका बाजूस न हलणाऱ्या धक्क्याला बांधलेले.

ही अडचण जुन्या अभियंत्यांनी निराळ्या मार्गाने सोडविली होती. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ साली झाली. त्यानंतर प्रिन्सेस गोदी १८८० साली, व्हिक्टोरिया गोदी १८८८ साली व अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४ साली सुरू झाली. या गोद्यांना दारे होती. भरतीच्या सुमारास जहाज आत घ्यावयाचे, दार लावावयाचे. बाहेर ओहोटी लागली तरी आतले पाणी जागच्या जागी. इंदिरा गोदीच्या प्रवेशमार्गाची लांबी सुमारे २२८ मीटर व रुंदी सुमारे ३० मीटर आहे. १९१४ साली हे माप ऐसपैस होते. पुढे जहाजे वाढली, दार वाढले नाही. पहिल्या दोन गोद्या अलीकडच्या काळात भरणी घालून बुजविण्यात आल्या. इंदिरा गोदी तेवढी आपल्या दारासह आजही काम करीत आहे.

२६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराचे धक्के मात्र उघड्या पाण्यात आहेत. जगातील बहुतेक नवी बंदरे अशीच असतात. तेथे भरती-ओहोटीचा प्रश्न दाराने नव्हे, तर दोरांनीच सोडवावा लागतो.

किती लांबीचा दोर घ्यावयाचा, यातच अर्धे उत्तर असते. समजा, जहाजावरील ज्या तोंडातून दोर बाहेर येतो ते तोंड धक्क्याच्या खुंटापासून आडवे २० मीटर दूर व ५ मीटर उंच आहे. अशा दोराची लांबी सुमारे २०.६ मीटर भरेल. भरतीने जहाज साडेतीन मीटर वर गेले, की तेवढ्याच दोराला २१.७ मीटर अंतर गाठावे लागते. म्हणजे शेकडा पाचांहून अधिक ताण. पोलादी तारदोराला एवढे ताणणे शक्यच नाही. तो तुटेल, नाहीतर विंचचा ब्रेक सरकेल. तोच खुंट ६० मीटर दूर असता, तर वाढ जेमतेम ४० सेंटीमीटरची, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी झाली असती. भूमिती शिकविणाऱ्या शिक्षकांनी पायथागोरसच्या प्रमेयासाठी हे उदाहरण घेण्याजोगे आहे. धक्क्यावर जागेची टंचाई असली, की पहिला बळी दोराच्या लांबीचा जातो, आणि आखूड दोर हा नेहमीच सर्वांत आधी ताणला जाणारा दोर असतो.

दोरांची नावे आणि कामे

जहाज बंदराच्या तोंडाशी आले, की बंदराचा पायलट त्यावर चढतो. हा विमानाचा पायलट नव्हे. त्या बंदराचे पाणी, गाळ, प्रवाह यांची खडान्‌खडा माहिती असलेला अनुभवी नाविक. एक-दोन किंवा अधिक टग जहाजाला लागतात व त्यास ढकलीत, ओढीत धक्क्याशी आणतात. जहाज अजून काही मीटर दूर असतानाच डेकवरचा खलाशी हातातली बारीक दोरी गरकन फिरवून धक्क्यावर फेकतो. तिच्या टोकाला वजनासाठी गाठ असते किंवा वाळूची अर्ध्या किलोच्या आतली पिशवी. काही खलाशी दोरी लांब जावी म्हणून गाठीत लोखंडाचा तुकडा भरतात. ही सवय अत्यंत वाईट. धक्क्यावर झेलणाऱ्याच्या डोक्यात ती गाठ बसली, तर तो गडी जायबंदी व्हावयाचा. त्या बारीक दोरीला पुढे जाड दोर बांधलेला असतो. धक्क्यावरची माणसे तो ओढून घेतात व त्याचा फास खुंटावर चढवितात.

पुढच्या टोकातून, म्हणजे नाळेवरून, पुढच्या दिशेला जाणाऱ्या दोरांना हेड लाइन म्हणतात. पिछाडीवरून मागे जाणाऱ्यांना स्टर्न लाइन. जहाजाच्या कुशीतून धक्क्याकडे काटकोनात जाणारे ते ब्रेस्ट. आणि नाळेकडून निघून मागे, किंवा पिछाडीकडून निघून पुढे असे जहाजाच्या लांबीला समांतर धावणारे ते स्प्रिंग. नावे इंग्रजी असली, तरी गोदीतला प्रत्येक कामगार ती जाणतो.

नवख्यास वाटते, की जहाज पुढे-मागे जाऊ नये याची काळजी टोकाचे दोर घेत असतील. तसे नाही. पुढे-मागे सरकणे रोखतात ते मुख्यतः स्प्रिंग, कारण त्यांचा ताण नेमका त्या दिशेत असतो. धक्क्यापासून दूर ढकलणाऱ्या वाऱ्याला अडवितात ते ब्रेस्ट. तिरप्या जाणाऱ्या टोकाच्या दोरांची शक्ती दोन दिशांत वाटली जाते. म्हणून त्यांचा उपयोग असला, तरी त्यांच्यावर सर्व भिस्त ठेवता येत नाही. दोर खाली कोणत्या कोनात उतरतो हेही तितकेच महत्त्वाचे. आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन झाला, की दोराच्या शक्तीपैकी निम्मीच जहाज धरण्याच्या कामी येते, उरलेली त्यास उगाच खाली खेचण्यात खर्ची पडते. उंच जहाज व जवळचा खुंट अशी जोडी म्हणूनच कप्तानास नकोशी असते.

एकाच कामाचे दोर एकाच जातीचे व शक्य तो सारख्या लांबीचे असावेत, हा या शास्त्रातला फार मोलाचा नियम होय. तीन ब्रेस्टपैकी एक पोलादी तारेचा व दोन नायलॉनचे असे मिश्रण केले, तर नायलॉन ताणून कामास लागण्यापूर्वीच सगळा भार तारेवर पडतो. तार तुटते, मग तोच भार एकदम इतरांवर येतो. दोर एकामागून एक तुटत गेल्याच्या घटनांत पुष्कळदा मूळ कारण हेच सापडते.

एका खुंटावर दोन जहाजांचे दोर चढवावे लागतात तेव्हा एक साधी युक्ती करतात. दुसऱ्या दोराचा फास आधीच्या फासातून खालून वर काढून मग खुंटावर घालतात. असे केले म्हणजे दोहोंपैकी कोणतेही जहाज आधी सुटू शकते. तसे न करता एकावर एक फास चढविले, तर खालच्याचे जहाज वरच्याची मर्जी होईपर्यंत अडकून बसते. दोन सुतळ्या आणि एक खडू घेऊन वर्गात हा प्रयोग दोन मिनिटांत करता येतो.

दोर विंचच्या ज्या पिंपावर गुंडाळलेला असतो त्याच्या ब्रेकबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. ब्रेक जितका घट्ट तितके बरे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चांगल्या प्रथेनुसार तो दोराच्या शक्तीच्या सुमारे ६० टक्के भारावर सरकू लागेल असाच लावून ठेवतात. १०० टनांच्या दोरावर ६० टन ताण आला, की ब्रेक हळूच दोर सोडतो. घरातील विजेच्या फ्यूजचे काम तो करतो. जहाज दोन हात सरकले तरी दोर शाबूत राहतो. ब्रेकची ही शक्ती पिंपावर दोराचा एकच थर असताना मोजलेली असते. निष्काळजीपणे चार-पाच थर चढले, की तीच शक्ती बरीच घटते आणि आकडा कागदावर राहतो. आपोआप ताण राखणारे विंचही निघाले आहेत. पण धक्क्याला बांधलेल्या जहाजावर त्यांना आपोआप चालू ठेवणे हिताचे नसते. वाऱ्याने एका टोकाचा विंच दोर सोडू लागला, की दुसऱ्या टोकाचा तो ओढून घेतो, आणि जहाज पाऊल-पाऊल धक्क्यावरून चालू लागते.

तुटलेला दोर

पूर्वी जहाजे काथ्याच्या व मनिला तागाच्या दोरांनी बांधली जात. काथ्याचा सुंभ कोकणाला नवा नाही. तो जाड, अवजड, पण तुटण्यापूर्वी करकरणारा. पोलादी तारही तुटताना एक-एक पीळ सुटत असल्याचा आवाज करते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर हे कृत्रिम धागे आले. हे दोर हलके, पाण्यात न कुजणारे, आणि शक्तीला तारेच्या तोडीचे. कामगारांच्या पाठीवरचे ओझे त्यांनी कमी केले, हे नाकारता येणार नाही. पण त्यांचा एक दुर्गुण जिवावर बेतणारा ठरला आहे. नायलॉनचा दोर तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ताणला जाऊ शकतो. ताणताना तो रबरासारखी शक्ती साठवितो. आणि पुष्कळदा काहीही इशारा न देता तुटतो. तुटलेले टोक डोळ्यांना दिसणार नाही एवढ्या वेगाने मागे येते. वाटेत माणूस असेल, तर हात, पाय किंवा मस्तक यांपैकी जे सापडेल ते जाते.

हे टोक सरळ रेषेतच मागे येते असे मानून पूर्वी काही जहाजांच्या डेकवर धोक्याचे पट्टे रंगविलेले असत; पट्ट्याबाहेर उभे राहिले म्हणजे निर्धास्त. अनुभवाने ही समजूत खोटी पाडली. दोर एखाद्या खांबाला किंवा रुळाला वळसा घेऊन गेला असेल, तर तुटल्यावर तो चाबकासारखा मोठा घेर घेतो. २०१५ सालच्या ब्रिटनच्या खलाशी-सुरक्षा संहितेने म्हणूनच असे पट्टे रंगवू नयेत, त्यांनी खोटा धीर येतो, असा सल्ला दिला. दोर ताणले जात असताना बांधणीचे सगळे डेकच धोक्याचे समजावे, हा त्यामागचा विचार.

त्याच वर्षी घडलेली एक घटना या क्षेत्रातील लोकांना विसरता येत नाही. २ मार्च २०१५ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथे ‘झारगा’ नावाचे, द्रवरूप नैसर्गिक वायू वाहणारे प्रचंड जहाज धक्क्याला लावले जात होते. पुढच्या भागातील बांधणीची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्याला तुटलेल्या दोराचा तडाखा बसून त्यास अतिशय गंभीर दुखापत झाली. तो दोर अत्याधुनिक धाग्याचा होता. हा धागा फारसा ताणत नाही, त्यामुळे तो तुटला तरी उसळत नाही, असे मानले जात असे. परंतु जहाजाच्या हालचाली सोसता याव्यात म्हणून त्याच्या टोकाला ताणणाऱ्या दोराची ‘शेपटी’ जोडलेली होती. शक्ती साठली ती त्या शेपटीत, आणि उसळी मारली ती सगळ्या दोराने. वरून वेष्टण असल्यामुळे आतल्या धाग्यांची झीज डोळ्यांना दिसण्याजोगी नव्हती, हेही ब्रिटनच्या अपघात-चौकशी शाखेने पुढे आणले.

अशा अपघातांचा परिणाम आंतरराष्ट्रीय नियमांवर झाला. ‘सोलास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, समुद्रावरील जीवित-सुरक्षेच्या करारात दुरुस्ती होऊन ती १ जानेवारी २०२४ पासून अंमलात आली. नव्या जहाजांची बांधणी-व्यवस्था आखतानाच कामगारांच्या सुरक्षिततेचा विचार करणे त्यामुळे बंधनकारक झाले. याहून महत्त्वाची बाब अशी, की दोर व इतर सामग्री यांची तपासणी, निगा व नोंद ठेवण्याची सक्ती नव्या-जुन्या सर्वच जहाजांना लागू करण्यात आली. दोर केव्हा घेतला, त्याची शक्ती किती, तो केव्हा उलटून लावला, केव्हा काढून टाकावयाचा, याचे लेखी टिपण आता जहाजावर असावेच लागते. हे काम दिसावयास कारकुनी वाटेल. पण दोराचा दोष बहुतेक वेळा तो तुटल्यावरच कळत आला आहे, हे ध्यानात घेता ही कारकुनी लाखमोलाची ठरते.

नियमांच्या पलीकडचे काही पथ्य मात्र माणसानेच पाळावयाचे असते. डेकवर पसरलेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय टाकू नये. ताणलेल्या दोरावरून ओलांडून जाऊ नये. हुकूम एकानेच द्यावा व दोर सांभाळणारा आणि विंच चालविणारा यांनी एकमेकांना दिसत राहावे. बारा-चौदा तासांच्या प्रवासपाळीनंतर पहाटे तीन वाजता धक्का लावावयाचा असतो, माणसे थकलेली असतात, आणि वरिष्ठांना घाई असते. पथ्य मोडते ते अशाच वेळी.

रात्रीची पाळी

जहाज बांधून झाले म्हणजे काम संपले, असे होत नाही. २०० मीटर लांब व ३२ मीटर रुंद जहाज एक सेंटीमीटर वर येण्यासाठी त्यातून सुमारे ५० टन माल उतरावा लागतो. म्हणजे एका दिवसात ५,००० टन खत किंवा कोळसा उतरला, तर जहाज जवळजवळ एक मीटर वर येते. त्यात भरतीची भर पडली, तर दोर ताडकन् ताणले जातात. उलट ओहोटी व भरला जाणारा माल एकत्र आले, की दोर सैल पडून जहाज धक्क्यापासून दूर सरकते; जिन्याची शिडी पाण्यावर लोंबकळते, तेलाच्या नळ्यांचे सांधे ओढले जातात. म्हणून पाळीवरचा खलाशी दर थोड्या वेळाने फेरी मारतो, हाताने व नजरेने प्रत्येक दोराचा ताण अजमावतो, कोठे ‘आर्या’, कोठे ‘हाबेस’ करवितो. दोर घासतो तेथे जाड कापड गुंडाळलेले जागचे हलले नाही ना, हेही तोच पाहतो. प्रत्येक दोरावर बसविलेली पत्र्याची गोल तबकडी उंदरांना जहाजात शिरण्यास व उतरण्यास अटकाव करते. प्लेगाच्या साथीचा इतिहास आठवला म्हणजे मुंबईकरांना तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

कोकणच्या किनाऱ्यावरील गावांना ‘तीन नंबरचा बावटा’ हा शब्दप्रयोग परिचयाचा आहे. हवामान खात्याच्या सूचनेवरून बंदरात लावल्या जाणाऱ्या एकूण ११ इशारा-खुणांपैकी ती एक. मच्छीमार तो पाहून होड्या वर ओढतात. बांधलेल्या जहाजावर तोच पाहून जादा दोर काढले जातात, टग तयार ठेवण्यास सांगण्यात येते, आणि इशारा वाढत गेला तर जहाज धक्का सोडून उघड्या समुद्रात जाते. सामान्य माणसास हे उलटे वाटेल. परंतु मोठ्या वादळात धक्क्यावर आपटत राहण्यापेक्षा खोल पाण्यात यंत्र चालू ठेवून लाटांना तोंड देणे हेच पुष्कळदा अधिक सुरक्षित असते. मात्र तो निर्णय वेळेवर झाला पाहिजे. वारा वाढल्यावर टगही कामास येत नाहीत.

वेळेवर सुटता येणे ही बांधणीचीच दुसरी बाजू होय, हे मुंबईने एकदा भयंकर किंमत मोजून पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजास आग लागली. त्यात कापसाच्या गाठींबरोबर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. यंत्राची दुरुस्ती चालू असल्याने ते स्वतःच्या बळावर हलण्याच्या स्थितीत नव्हते, आणि ते जागीच बुडवावे की ओढून बाहेर न्यावे याचा निर्णय होण्यापूर्वीच दुपारी स्फोट झाले. शेजारी बांधलेल्या ‘जलपद्म’ जहाजाची पिछाडी उचलली जाऊन धक्क्यावरच्या गोदामावर पडली. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अग्निशमन दलाचे ६० हून अधिक जवान होते. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ असतो. धोक्याचा माल असलेल्या जहाजाचे यंत्र धक्क्यावर खोलून ठेवू नये, त्याचे तोंड शक्य तर बाहेरच्या दिशेला असावे व आणीबाणीत ते ओढून नेण्याची तजवीज असावी, हे दंडक जगभरच्या बंदरांत आज कटाक्षाने पाळले जातात.

सोडण्याची वेळ

माल उतरला, कागद झाले, पायलट पुन्हा वर चढला, की दोर सोडण्यास प्रारंभ होतो. तेही एकदम नव्हे. आधी जादा दोर काढून पुढे एक हेड लाइन व एक स्प्रिंग, मागेही तसेच, एवढेच ठेवतात. यंत्र चालते की नाही, सुकाणू दोन्ही बाजूंस फिरते की नाही, हे पाहिल्याखेरीज उरलेल्यांना हात लावीत नाहीत. मग पायलटच्या हुकुमानुसार एक-एक दोर खुंटावरून उतरतो. पिछाडीचा दोर पाण्यात पडला, की तो संपूर्ण वर ओढून घेतल्याचा निरोप येईपर्यंत पंखा फिरविला जात नाही. पंख्यात दोर गुंतला, तर जहाज जागच्या जागी पांगळे होते. पुष्कळदा शेवटी एक स्प्रिंग तेवढा ठेवतात व त्याच्या आधाराने यंत्र किंचित पुढे चालवून पिछाडी धक्क्यापासून बाहेर काढतात. पिछाडी मोकळ्या पाण्यात गेली, की ‘आर्या’ म्हणून तो सैल सोडला जातो, धक्क्यावरचा माणूस त्याचा फास उचलून पाण्यात टाकतो, आणि जहाजाच्या नोंदवहीत वेळ लिहिली जाते.